लोखंडाच्या बांगड्या: फेरोसीनची कडी आणि एका रेणूची वायर

संप्लवन (धागाकर्ता)

मागे सिलिकॉन चिप्सच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत करत गाडी शेवटी एकेका रेणूवर येणार का. तेव्हा मी 'वेळ मिळाला की लिहितो' म्हणून सटकलो होतो. दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून टोचणी लावली, म्हणून हा धागा.

सुरुवात वासापासून करतो. एमएस्सीला आम्हाला फेरोसीन नावाचं लोखंडाचं संयुग बनवायचं होतं. त्याला सायक्लोपेंटाडाईन, म्हणजे पाच कार्बनचा पंचकोनी रेणू, लागतो. तो तसाच्या तसा बाटलीत विकत मिळत नाही, कारण ठेवला की दोन-दोन रेणू आपसांत जोड्या जमवून बसतात. मग ती जोडी आणायची, १७० अंशांच्या आसपास तापवून फोडायची, ४१ अंशांना उकळणारा हलका द्रव बर्फात धरायचा आणि लगेच वापरायचा. 'लगेच' हा शब्द मी मनावर घेतला नाही. मेसची वेळ चुकू नये म्हणून झाकण लावून टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उगवलो. फ्लास्कमध्ये पुन्हा बहुतेक सगळ्या जोड्या. शिवाय फ्यूम हुडचा पंखा बंद पडलेला, त्यामुळे अख्ख्या मजल्यावर तो उग्र दर्प. लॅब असिस्टंट मामांनी आठवडाभर माझं नाव घेतलं नाही, नुसतं 'तो वासवाला' म्हणायचे.

दुसऱ्या वेळी जमलं. पोटॅशियम हायड्रॉक्साईडची पूड, त्यावर फेरस क्लोराईड, आणि शेवटी नारिंगी गाळ. तो वाळवून हॉटप्लेटवर काचेच्या दोन ताटल्यांमध्ये मंद तापवला की न वितळता त्याची वाफ होते आणि वरच्या थंड ताटलीला नारिंगी सुया लटकतात. वास थेट कापराच्या वळणाचा. न वितळता थेट वाफ होण्याला संप्लवन म्हणतात, माझा आयडी तिथूनच आला.

फेरोसीनचा रेणू म्हणजे कार्बनच्या दोन पंचकोनी चकत्या आणि त्यांच्या बरोबर मध्ये लोखंडाचा एक अणू. अशा रेणूंना रसायनवाले 'ऑर्गॅनोमेटॅलिक' म्हणतात. सापडला तो चुकून. १९५१ साली पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठात कीली आणि पॉसन यांना फुल्व्हॅलीन हवं होतं. फुल्व्हॅलीन म्हणजे असे दोन पंचकोन एकमेकांना बाजूने जोडलेले. हाती आली ही नारिंगी पूड, आणि तिची रचना त्यांनी चुकीची मांडली. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या विल्किन्सन-वुडवर्ड मंडळींनी आणि म्युनिकच्या फिशरने सँडविचची रचना ओळखली. १९७३ चं नोबेल फिशर आणि विल्किन्सन यांना गेलं. वुडवर्डच्या नावावर १९६५ चं एक नोबेल आधीच होतं, तरी त्याने यातून वगळलं म्हणून समितीला पत्र पाठवलं.

आता बांगडी. २०१६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या निकोलस लाँग आणि टिम आल्ब्रेख्त यांच्या गटाने जर्मनीतल्या सहकाऱ्यांबरोबर फेरोसीनची कडी बनवून 'नेचर केमिस्ट्री'त छापली. प्रत्यक्ष काम बरंचसं मायकेल इंकपेनचं. फेरोसीनच्या वरच्या चकतीला एक शेजारी, खालच्या चकतीला दुसरा, असं करत करत वर्तुळ बंद. मध्ये कुठलाही सांधा नाही, चकतीला थेट चकती. ५, ६, ७ आणि ९ फेरोसीनच्या कड्या मिळाल्या. व्यास १ ते २ नॅनोमीटर.

जरा थांबून बघा. चकतीला चकती थेट जोडली की काय होतं? फुल्व्हॅलीनचा सांगाडा. पॉसनला जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते ६५ वर्षांनी लोखंडाच्या अणूंमध्ये ओवून गोल बसलेलं आहे. पेपर वाचताना हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून चहा करून आलो.

या कडीत वेगळं काय? फेरोसीन एक इलेक्ट्रॉन सहज देतं आणि सहज परत घेतं. ही देवघेव इतकी भरवशाची की जगभरच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत व्होल्टेज मोजायला तिचाच खुंटा मारतात. साखळीत टोकाचं लोखंड आणि मधलं लोखंड यांत फरक पडतो. कडीला टोकच नाही, सगळी लोखंडं सारखी. पहिला इलेक्ट्रॉन काढला की कडीवर एक धन प्रभार येतो, तो दुसऱ्याला जरा घट्ट धरतो, दोन मिळून तिसऱ्याला आणखी घट्ट. त्यामुळे व्होल्टेज वाढवत नेऊन काढलेल्या आलेखात एकेका इलेक्ट्रॉनाच्या सुट्या पायऱ्या दिसतात. लोखंडं इतकी जवळ नसती तर सगळ्या पायऱ्या एकमेकांत मिसळून एकच ढेकूळ दिसलं असतं. शिवाय प्रभार एका लोखंडावर ठाण मांडून बसत नाही, शेजाऱ्याकडे उड्या मारत राहतो, सेकंदाला सुमारे १ कोटी वेळा. म्हणून ही मंडळी या रेणूला 'एकसारखा प्रभार असलेली नॅनोकडी' म्हणतात.

एका रेणूत अनेक पायऱ्या म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे कान टवकारतात. मला मात्र घोडं दुसरीकडेच अडलेलं दिसतं. ते प्रतिसादांत.

चिंचगूळ

पहिली! आणि नेहमीप्रमाणे निम्मं डोक्यावरून. पण वासवाला भाग फार आवडला.

एक बाळबोध प्रश्न. 'ऑर्गॅनोमेटॅलिक' कशाला म्हणायचं? कार्बन आणि धातू दोन्ही असले की झालं? मग आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन?

संप्लवन

नाही. धातूचा बंध थेट कार्बनशी पाहिजे. हिमोग्लोबिनमधलं लोखंड नायट्रोजनला धरून असतं, त्यामुळे त्याला या जातीत प्रवेश नाही. फेरोसीनमध्ये लोखंड दहाच्या दहा कार्बनना धरतं. ऑक्सफर्डचा हॅरी अँडरसन पॉर्फिरिनच्या (हिमोग्लोबिनमध्ये लोखंडाला धरणाऱ्या चौकटीच्या जातीचे रेणू) सुंदर मोठ्या कड्या बनवतो, पण तिथेही जस्त नायट्रोजनवर, म्हणजे काटेकोर बोलायचं तर त्याही बाहेर.

वेताळ_टेकडी

पण सेकंदाला १ कोटी म्हणजे १० मेगाहर्ट्झ की हो! माझा पहिला पीसी १६ मेगाहर्ट्झचा २८६ होता. यासाठी एवढा खटाटोप?

संप्लवन

हे कुणीतरी म्हणणारच होतं :)

तो वेग द्रावणात तरंगणाऱ्या कडीच्या आत प्रभार एका लोखंडावरून दुसऱ्यावर उडी मारतो त्याचा. प्रत्येक उडीला आजूबाजूच्या अणूंना जरा सरकावं लागतं, म्हणून तो मंद. रेणू दोन सोन्याच्या टोकांमध्ये धरला की इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा मुक्काम न करता आरपार जातो. एका रेणूतून १ नॅनोअँपिअर वाहिला तर सेकंदाला ६०० कोटींवर इलेक्ट्रॉन झाले. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण वर मी एका दमात लिहिल्या, चूक माझी.

सोल्डरगन

नमस्कार. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. रसायनशास्त्र दहावीनंतर सोडलं. तुमचा लेख दोनदा वाचला.

माझी अडचण साधी आहे. वायरला दोन टोकं असतात, म्हणून मी तिला प्रोब लावू शकतो. तुमची बांगडी गोल. तिला टोक नाही हेच तुम्ही कौतुकाने सांगताय. मग प्रोब लावणार कुठे? आणि २ नॅनोमीटरच्या वस्तूला प्रोब कुठल्या दुकानात मिळतो?

संप्लवन

सोल्डरगन काका, अडलेलं घोडं तुम्ही दोन ओळींत शोधलंत.

दुसरा भाग आधी. प्रोब सोन्याचा. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई (आयबीएमच्या झुरिकच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये बनवला, १९८६ चं नोबेल) सोन्याच्या पत्र्यात हलकेच टोचायची आणि मागे ओढायची. मध्ये सोन्याचा धागा ताणत ताणत एका अणूवर येतो आणि तुटतो. त्या फटीत द्रावणातला एखादा रेणू अडकतो. आणखी ओढलं की तोही सुटतो. तेवढ्या क्षणात प्रवाह मोजायचा. मग पुन्हा टोचा, पुन्हा ओढा, हजारो वेळा, आणि सगळ्या मोजमापांची मिळून एक रास करायची. राशीला जिथे उंचवटा दिसतो ती त्या रेणूची वाहकता. ही पद्धत २००३ मध्ये शू आणि ताओ यांनी दाखवली. सोन्याचा एकच अणू उरतो तेव्हा रोध सुमारे १२,९०० ओहम, आणि हा आकडा निसर्गाच्या स्थिरांकांतून येतो, कुठल्याही लॅबमध्ये तोच.

म्हणजे 'एका रेणूची वायर' म्हणतात ती काही मिलिसेकंद टिकते. हे जाहिरातीत येत नाही.

पहिला भाग: कडीला हात बसवावे लागतात. सोन्याला गंधक किंवा अमाईन चिकटतं, म्हणून दोन जागी तसे आकडे (हुक) लावायचे. पण आकडा लावला की सगळी लोखंडं सारखी राहिली कुठे? ज्या गुणासाठी गोल केलं, तोच प्रोब लावताना थोडा मोडतो.

सोल्डरगन

समजलं. आता पुढचं. दोन जागी आकडे लावले की करंटला दोन वाटा मिळाल्या, डावी आणि उजवी. म्हणजे पॅरलल. हे तर आम्हाला येतं.

काल रात्री मी १ किलोओहमचे सहा रेझिस्टर गोल जोडले, षटकोन. मल्टिमीटरने मोजलं. शेजारच्या दोन कोपऱ्यांत ०.८३ किलोओहम, एक सोडून एक कोपऱ्यात १.३३, समोरासमोर १.५. हिशेबाने यायला पाहिजे तेवढंच आलं. तुमच्या सहाच्या बांगडीतही असंच का?

संप्लवन

काका, सहा रेझिस्टर जोडून बसलात हे वाचून धन्य झालो. आणि तुम्ही नकळत या विषयातला सगळ्यात गमतीचा प्रयोग अर्धा करून ठेवलाय.

तुमच्या षटकोनात 'एक सोडून एक' हा 'समोरासमोर'पेक्षा चांगला वाहक निघाला, १.३३ विरुद्ध १.५. आता खरा षटकोन घ्या, बेंझीन. फेरोसीनची कडी नको, हिशेब साधा राहू दे. आकडे समोरासमोर लावले तर चांगला प्रवाह जातो. एक सोडून एक लावले तर वाहकता धाडकन पडते, काही रेणूंत दहापटींहून जास्त. तुमच्या मीटरच्या बरोबर उलट.

कारण इतक्या लहान अंतरावर इलेक्ट्रॉन लाट म्हणून दोन्ही वाटांनी एकदम जातो. समोरासमोर असताना दोन्ही वाटा तीन-तीन बंधांच्या. लाटा पलीकडे एकाच तालात पोचतात आणि एकमेकींना उचलून धरतात. एक सोडून एक असताना एक वाट दोन बंधांची, दुसरी चारची. फरक दोन बंधांचा, आणि बेंझीनच्या बाबतीत तेवढ्यात ताल नेमका उलटा होतो. एकीचा चढ, दुसरीचा उतार. दोन्ही वाटा उघड्या, तरी पलीकडे जवळजवळ काही पोचत नाही.

उलट, ताल जुळला तर दोन समान वाटांची वाहकता एका वाटेच्या दुप्पट न होता चौपटीपर्यंत जाऊ शकते. २०१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने दोन वाटांचे रेणू बनवून मोजले आणि दुपटीहून जास्त मिळाली. पूर्ण चौपट नाही, पण तुमच्या मीटरला जे मान्य नाही ते खरंच घडतं, एवढं सिद्ध झालं.

कडीच्या आकाराचं आकर्षण मुळात हे आहे. वाटा दोनच, आणि त्यांची लांबी रसायनज्ञाच्या हातात.

शंकासुर

मग त्याच न्यायाने कडीतून चुंबकीय क्षेत्र पार करा आणि दोन लाटांचा ताल हवा तसा बदला. याला आहारोनोव्ह-बोम परिणाम म्हणतात. गेट (ट्रान्झिस्टरमधला प्रवाह चालू-बंद करणारं टोक) लावायची भानगडच नको.

संप्लवन

हिशेब करून बघा. तालाचा एक पूर्ण फेरा बदलायला कडीतून सुमारे ४.१४ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर इतका फ्लक्स (क्षेत्र गुणिले कडीचं क्षेत्रफळ) लागतो. १ नॅनोमीटर व्यासाच्या कडीचं क्षेत्रफळ ०.७९ चौरस नॅनोमीटर. भागाकार ५,००० टेस्लाच्या वर जातो. २ नॅनोमीटर घेतला तरी १,३०० टेस्ला. एमआरआयचं मशीन १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं आणि तेवढ्यात खिशातल्या किल्ल्या उडतात.

शंकासुर

मागे घेतो :)

जुनापुराणा

मी या सगळ्याकडे जरा तिरक्या नजरेने बघतो. २००१ साली 'सायन्स' या नियतकालिकाने वर्षातला सर्वांत मोठा शोध म्हणून याच रेणूंच्या सर्किटांचं कौतुक केलं. दुसऱ्या वर्षी बेल लॅब्जच्या हेंड्रिक शोनचं बिंग फुटलं. त्याने एका रेणूचा ट्रान्झिस्टर केल्याचे पेपर 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये छापले होते. लोकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतला नॉइजही (मोजणीतली आपसूक खरखर, जी दर वेळी वेगळी यायला हवी) हुबेहूब सारखा आहे. चौकशी समितीने २४ पैकी १६ आरोप खरे धरले. आणि १९७४ च्या अविराम-रॅटनर पेपरपासून 'एका रेणूचा डायोड' (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) येतोय, येतोय ऐकतोय. पन्नास वर्षं झाली. माझ्या लॅपटॉपमध्ये एकही रेणू स्विच नाही.

संप्लवन

सगळं मान्य. शोनची गोष्ट मला आमच्या गाईडने पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. 'नॉइज बघायला शीक, सिग्नल आपोआप दिसेल' हे त्यांचं वाक्य.

पण डायोड आलाच नाही असं नाही. फेरोसीनच्याच रेणूंचा एकपदरी थर धातूवर चिकटवून क्रिस्तियन नाइहाउसने आधी हार्वर्डला आणि मग सिंगापूरला डायोड केले. २०१७ मध्ये त्याच्या गटाने दाखवलेल्या डायोडमध्ये एका दिशेचा प्रवाह उलट्या दिशेच्या लाखो पट होता. अविराम-रॅटनरच्या साध्या नमुन्यातून एवढं गुणोत्तर मिळेल असं कुणी धरलं नव्हतं. फक्त तो एकटा रेणू नव्हता, शेजारी-शेजारी दाटीने उभी राहिलेली फौज होती.

माझं मतही इथेच येऊन थांबतं. एकेक रेणू वायरीने जोडून प्रोसेसर बनेल, यावर माझा विश्वास नाही. आजच्या '३ नॅनोमीटर' चिपमध्येही काहीच खरोखर ३ नॅनोमीटरचं नसतं, एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत चाळीस-पन्नास नॅनोमीटर अंतर असतं, ते नाव विक्रीखात्याचं. पण तिथली प्रत्येक रेघ हवी तिथेच पडते. रेणूंची फौज नेमक्या जागी उभी करण्याची कला अजून कुणाकडे नाही.

ताम्हिणी_घाट

भारतात यावर काही चालतं का? की नेहमीसारखं आपण फक्त वाचायचं?

संप्लवन

चालतं, आणि अव्वल दर्जाचं. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये (आयएसीएस) श्रीब्रत गोस्वामी यांनी रुथेनियमचे असे कॉम्प्लेक्स बनवले जे अनेक इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने घेतात. हा धातू नायट्रोजनवर असल्यामुळे चिंचगूळताईंच्या प्रश्नानुसार हेही काटेकोरपणे ऑर्गॅनोमेटॅलिक नव्हेत, पण गावकुसाला लागूनच. त्याच रेणूंच्या पातळ थरावर बंगळुरूच्या आयआयएस्सीत श्रीतोष गोस्वामी आणि सहकारी मेमरी बनवतात. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या उपकरणात १६,५२० वेगवेगळ्या पातळ्या साठवता आल्या. साध्या मेमरीच्या घरात शून्य किंवा एक, इथे चौदा बिटांचा माल. तिथेही एकटा रेणू नाही, थर आहे. मला पुढचा रस्ता त्या बाजूने जाताना दिसतो.

चिंचगूळ

अवांतर: बाबांच्या शुगर मीटरच्या पट्टीत फेरोसीन असतं असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

संप्लवन

ऐंशीच्या दशकात आलेल्या पेनासारख्या मीटरच्या पट्टीत फेरोसीनचा भाऊबंद होता. एन्झाइम ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढतं, पण ते स्वतः एवढं जाडजूड की इलेक्ट्रोडपर्यंत पोचवू शकत नाही. मधला हमाल फेरोसीन. सगळ्याच कंपन्यांच्या आजच्या पट्ट्यांत तोच असतो असं नाही.

वेताळ_टेकडी

संप्लवन, फौजेचं पटलं. पण मग कडीचं काय करायचं? शोकेसमध्ये ठेवायची?

संप्लवन

करंट वाहूच द्यायचा नाही, असाही एक पंथ आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात क्रेग लेंट आणि सहकाऱ्यांनी मांडलं. चार कोपऱ्यांचा चौरस घ्या, त्यावर दोन प्रभार ठेवा. ते एकमेकांना ढकलून समोरासमोरच्या कोपऱ्यांत जाऊन बसतील. असे कर्ण दोन, म्हणून एक कर्ण शून्य, दुसरा एक. शेजारी दुसरा चौरस ठेवला की पहिल्याचे प्रभार त्याच्या प्रभारांना ढकलतात आणि निरोप पुढे जातो. इलेक्ट्रॉन आपल्या घराबाहेर पडतच नाही, त्यामुळे उष्णता नावापुरती.

२००३ मध्ये त्याच विद्यापीठातल्या फेल्नरच्या गटाने असा रेणू खरोखर बनवला. मध्ये कार्बनचा चौरस, त्याच्या पाठीला कोबाल्ट, आणि चारी कोपऱ्यांना एकेक फेरोसीन. त्यातल्या दोन फेरोसीनमधून एकेक इलेक्ट्रॉन काढला आणि तो पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला.

काका, तुमच्या 'प्रोब कुठे लावायचा'ला मला पटणारं उत्तर हे आहे. लावायचाच नाही, शेजाऱ्याने ढकलायचं. आणि तिथे टोक नसलेली, सगळी लोखंडं सारखी असलेली कडी कामाची ठरू शकते. अर्थात, फौज रांगेत उभी कोण करणार, हा प्रश्न तिथेही आहेच.

ताम्हिणी_घाट

फेरोसीनच्या पलीकडे कड्या नाहीत का? नऊवर थांबलं?

संप्लवन

२०२३ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या पीटर रोएस्कींच्या गटाने १८ सँडविचची कडी बनवली, 'सायक्लोसीन' नाव ठेवलं. धातू स्ट्रॉन्शियम, समेरियम, युरोपियम, चकत्या आठ कार्बनच्या. चकत्यांना लावलेल्या फोफशा गटांमुळे सँडविच सरळ रचताच येत नाही, प्रत्येक मजला जरा कलतो. सरासरी २० अंश कलला की १८ व्या मजल्यावर आपण जिथून निघालो तिथेच. वायर म्हणून नाही, पण रेणू म्हणून बघावा असा.

सोल्डरगन

आज पुन्हा मोजलं, मीटरची बॅटरी बदलून. ०.८३, १.३३, १.५. बोर्ड पुसून ठेवला आहे. खाली चिठ्ठी चिकटवली: 'बेंझीन नव्हे'.

एक राहिलंच. बेंझीनमध्ये शेजारच्या दोन कोपऱ्यांना आकडे लावले तर?

संप्लवन

तिथे एक वाट एका बंधाची, दुसरी पाचाची. फरक चार बंधांचा, म्हणजे ताल पुन्हा जुळतो आणि प्रवाह जातो. पण दोन सोन्याची टोकं इतक्या जवळ आणली की ती एकमेकांनाच चिकटायला बघतात, म्हणून मोजायला कटकट. दोन-तीन बंधांचे हात बसवून टोकं लांब नेतात आणि मग मोजतात.

त्या बोर्डाचा फोटो टाका ना इथे, चिठ्ठीसकट.